एकसष्टावा सेकंद

इसवी सन २०१७ चा पहिला दिवस भारतात उजाडत असताना प्रमाणवेळेतील एक मिनिट एकसष्ट सेकंदांचे झाले. पहाटे पाच वाजून एकोणतीस मिनिटे आणि एकोणसाठ सेकंद झाल्यावर लगेच साडेपाच वाजायला हवे होते. ते वाजले नाहीत. मध्ये एक सेकंद अधिक आला आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्याची नोंद ५:२९:६० अशी झाली. त्याच क्षणी ग्रिनिचच्या रेखावृत्तावर मध्यरात्र होत होती आणि सरत्या वर्षाचे अखेरचे मिनिट तेथेही तेवढेच लांबले होते. १९७२ पासून या रीतीने जगाच्या कालगणनेत घातलेला हा सत्ताविसावा सेकंद. त्यानंतर अठ्ठाविसावा घालण्याची वेळ आलेली नाही, आणि कदाचित ती कधी येणारही नाही.

अधिक मास पाळणाऱ्या समाजाला अधिक सेकंदाचे नवल वाटण्याचे वरवर पाहता कारण नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडते, ती तूट साठत जाते आणि बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना अधिक धरून भरून काढली जाते. लीप सेकंदाची रीतही हीच आहे. परंतु दोहोंत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. अधिक मास केव्हा येणार हे शंभर वर्षे आधी सांगता येते, कारण चंद्र आणि सूर्य या दोघांच्या गतीचे गणित ज्योतिषाच्या हाती आहे. अधिक सेकंद मात्र पॅरिसच्या वेधशाळेतून जेमतेम सहा महिने आधी जाहीर होतो, कारण पृथ्वी स्वतःभोवती पुढल्या वर्षी नेमकी किती वेगाने फिरेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. जिच्यावर उभे राहून माणसाने साऱ्या आकाशाची गती मोजली, तिचीच गती सर्वांत उशिरा संशयाच्या कक्षेत आली.

हा उशीर समजण्याजोगा आहे. दिवस हे मापनाचे मूळ एकक होते आणि मापाचेच मोजमाप करायचे तर दुसरे माप लागते. इसवी सन ४९९ च्या आसपास आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांच्या एका युगात पृथ्वी १,५८,२२,३७,५०० वेळा पूर्वेकडे फिरते असे लिहिले. त्यावरून नाक्षत्र दिवसाची लांबी २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद इतकी निघते. आजच्या मूल्याशी ती सेकंदाच्या अल्पांशापर्यंत जुळते. पृथ्वी फिरते ही कल्पनाच पुढच्या अनेकांना पचली नाही; ब्रह्मगुप्ताने तिच्यावर टीका केली, काही टीकाकारांनी तो आकडा पृथ्वीचा न मानता नक्षत्रमंडळाचा मानून वाचला. पण फिरणारी पृथ्वी असो की फिरणारे आकाश, ते फिरणे एकसारखे असते याबद्दल या वादातील दोन्ही पक्षांचे एकमत होते. पूर्णांकात मांडलेल्या त्या युगसंख्येत दिवस लहानमोठा होण्याला जागाच नव्हती. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत स्थिती वेगळी नव्हती.

संशयाची पहिली खूण सापडते ती एका अनपेक्षित ठिकाणी. १६९५ साली एडमंड हॅली याने सीरियातील पाल्मायरा या उद्ध्वस्त नगरीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. शिलालेख, राजे आणि भग्न स्तंभ यांच्या त्या विवेचनाच्या शेवटी तो जाता जाता सांगतो की, अल-बत्तानी या अरब ज्योतिर्विदाने त्या परिसरात घेतलेले ग्रहणांचे वेध आजच्या गणिताशी ताडून पाहिले, तर चंद्राची गती प्राचीन काळापासून वाढत आली आहे असे दिसेल. पुराणवस्तूंवरील निबंधाच्या शेवटी टाकलेल्या या वाक्याने पुढच्या दीड-दोनशे वर्षांच्या गणितज्ञांना काम पुरवले. १७४९ मध्ये रिचर्ड डनथॉर्नने ही वाढ आकड्यांत बसवली. १७८७ मध्ये लाप्लासने तिचे कारणही दिले: पृथ्वीची कक्षा हळूहळू वर्तुळाकार होत असल्याने सूर्याचा चंद्रावरील प्रभाव किंचित घटतो आणि चंद्र वेग घेतो. आकडा जुळला. वाद मिटला असे सर्वांनी धरले.

तो मिटला नव्हता. नेपच्यूनचे स्थान गणिताने वर्तवणाऱ्या जॉन काउच अॅडम्सने १८५३ साली लाप्लासचे गणित पुन्हा तपासले आणि त्यातील काही पदे गळाल्याचे दाखवून दिले. ती घेतली तर लाप्लासचे कारण जवळजवळ निम्म्याच वाढीला पुरत होते. फ्रान्समध्ये यावर मोठे काहूर उठले. जुळलेले उत्तर बिघडवणारे अचूक गणित विद्वानांनाही रुचत नाही, असे या वादाकडे पाहता म्हणावेसे वाटते. शेवटी फ्रान्समधीलच डेलॉने याने स्वतंत्र रीतीने गणित करून अॅडम्सची बाजू खरी ठरवली आणि १८६५ मध्ये उरलेल्या निम्म्याचा उलगडाही केला. चंद्र वेगाने जात आहे असे भासते, कारण त्याला मोजणारे घड्याळ, म्हणजे पृथ्वी, मंद होत आहे. मागे पडणारे घड्याळ हातावर बांधून फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला प्रत्येक गाडी वेळेआधी आली असेच वाटणार.

पृथ्वीला मंद करणारे कारण समुद्रात होते. चंद्राच्या आकर्षणाने उचललेला भरतीचा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्याबरोबर थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्याला मागे खेचतो. या ओढाताणीत उथळ समुद्रांच्या तळाशी घर्षण होते आणि पृथ्वीच्या फिरण्यातली शक्ती झिजते. जी गती पृथ्वी गमावते ती चंद्राच्या कक्षेला मिळते आणि चंद्र दूर सरकतो. १९६९ पासून अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसरचे किरण टाकून हे सरकणे मोजता आले: वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर. पुराश्मांचीही साक्ष निघाली. १९६३ साली जॉन वेल्स याने डेव्होनियन काळातील प्रवाळांवरील वाढीच्या सूक्ष्म रेषा मोजल्या. एका वर्षात त्या चारशेच्या आसपास भरल्या. त्या युगात वर्षाचे दिवस सुमारे चारशे होते आणि दिवस आजच्या बावीस तासांहून फार मोठा नव्हता.

डेलॉनेच्या शंभराहून अधिक वर्षे आधी हे कारण एका तरुणाने केवळ विचाराने ओळखले होते. १७५४ साली बर्लिनच्या अकादमीने पृथ्वीच्या परिवलनात काही बदल झाला आहे काय, असा प्रश्न बक्षिसासाठी ठेवला. तिशीतील इमॅन्युएल कांट याने त्यावर कोनिग्सबर्गच्या साप्ताहिकात लेख लिहून भरती-ओहोटीमुळे पृथ्वी मंदावत असली पाहिजे असे प्रतिपादन केले. त्याचा हिशोब प्रत्यक्षाहून फार मोठा होता आणि स्पर्धेत त्याने भागही घेतला नाही. लेख विसरला गेला. 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाच्या नावावर हाही शोध आहे हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना बहुधा ठाऊक नसते.

पृथ्वी किती मंदावली याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र भाजल्या मातीवर आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनचे जे हजारो इष्टिकालेख जमा आहेत, त्यांपैकी दोहोंत इसवी सनपूर्व १३६ मधील १५ एप्रिलच्या सूर्यग्रहणाची नोंद कीलाकार लिपीत कोरलेली आहे. लिहिणाऱ्याने कोरड्या शब्दांत सांगितले आहे की, सूर्योदयानंतर चोवीस अंशांनी सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले. शुक्र, बुध आणि तारे दिसू लागले. एरवी त्या दिवसांत सूर्यतेजात लोपलेले गुरू आणि मंगळही दिसले. बॅबिलोनी अंश म्हणजे चार मिनिटांचा काळ, आपल्या घटिकेचा सहावा हिस्सा. म्हणजे सूर्योदयानंतर तास-सव्वा तास उलटून वर आणखी वीस मिनिटे झाली असतील.

दिवसाची लांबी कधीच बदलली नाही असे धरून हेच ग्रहण आजच्या गणिताने मागे नेले तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. चंद्राची सावली बॅबिलोनवर पडतच नाही. ती पश्चिमेला सुमारे ४९ अंशांवर, स्पेनच्या बाजूला, पडते. पण लिहिणाऱ्याने तर बॅबिलोनमध्ये उभे राहून दिवसा तारे पाहिले होते. गणित आणि साक्षीदार यांत एक चुकत असेल तर चूक गणितात आहे: ४९ अंश म्हणजे सव्वातीन तासांचे फिरणे, आणि एवढे तास पृथ्वीच्या घड्याळात मधल्या काळात मागे पडले आहेत. रिचर्ड स्टीफन्सन आणि लेस्ली मॉरिसन यांनी बॅबिलोन, चीन, ग्रीस आणि अरब जगतातील शेकडो नोंदी अशाच ताडून पाहिल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा की, गेल्या २,७०० वर्षांत दिवस शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंदांनी वाढत आला आहे. सेकंदाचा हजारावा भाग तो काय, पण त्याची बेरीज दिवसागणिक होते. दोन हजार वर्षांत सुमारे सात लाख तीस हजार दिवस येतात. त्यांपैकी प्रत्येकाला सरासरी सतरा-अठरा मिलिसेकंदांची तूट लावली की साडेतीन तास भरतात. भरतीच्या घर्षणाने खरे तर याहून जास्त, सुमारे २.३ मिलिसेकंद, वाढ व्हायला हवी होती. हिमयुगातील प्रचंड बर्फाच्या भाराखाली दबलेली ध्रुवाकडची भूमी अजून वर येत आहे आणि त्यामुळे पृथ्वीला थोडी गती परत मिळत आहे.

या साऱ्या प्रकरणात एक सूत्र आहे. गणित आणि आकाश यांत अंतर पडले की गणित सुधारायचे, हा प्राचीन करार प्रत्येक टप्प्यावर पाळला गेला. भारतीय ज्योतिषात या सुधारणेला बीजसंस्कार असे नाव आहे आणि डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी मेळ असण्याला दृक्प्रत्यय म्हणतात. केरळातील परमेश्वराने सुमारे चार दशके ग्रहणे पाहून १४३१ मध्ये 'दृग्गणित' रचले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या 'ग्रहलाघवा'त जुन्या पक्षांपैकी ज्याचा जो ग्रह आकाशात जुळतो तो घेतला, आणि हे गणितही पुढे ढळेल तेव्हा पुढच्यांनी ते सुधारावे अशी मोकळीक परंपरेत ठेवली. ती मोकळीक वापरण्याची वेळ आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले, हे शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या इतिहासात वाचायला मिळते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास युरोपीय वेधांच्या आधारे नवे पंचांग सुरू केले. लोकमान्य टिळकांनीही पुढे दृक्प्रत्ययाचीच बाजू घेतली. एकादशी कोणत्या दिवशी, ग्रहण किती वाजता, यावरून घराघरांत दोन पंचांगे झाली. पण 'आकाश चुकते' असे जुन्या पंचांगाचा कट्टर अभिमानीही म्हणाला नाही. डेलॉने पॅरिसमध्ये पृथ्वीचे घड्याळ मागे पडते असे सांगत होता आणि पुण्यात छत्रे पंचांगाचे गणित ढळले असे सांगत होते, हा काळाचा योगायोग मोठा सूचक आहे.

विसाव्या शतकाने या करारातील पक्षांची अदलाबदल केली. १९३९ मध्ये ब्रिटनचे राजज्योतिषी हॅरल्ड स्पेन्सर जोन्स यांनी सूर्य, बुध आणि शुक्र यांच्या गतीतही चंद्राइतक्याच प्रमाणात चढउतार दिसतात हे सिद्ध केले; सारे एकदम चुकत असतील तर चुकणारा पाहणारा आहे, म्हणजे पृथ्वी आहे. १९५५ साली लंडनजवळील टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमच्या अणूवर चालणारे पहिले विश्वासार्ह घड्याळ उभे केले. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेतील विल्यम मार्कोविट्झ आणि त्यांचे सहकारी चंद्राचे वेध घेत होते. दोन्हीकडच्या मोजण्या जुळवून १९५८ मध्ये ९,१९,२६,३१,७७० हा आकडा निघाला. सीझियमची एवढी कंपने म्हणजे एक सेकंद, असे १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले. सेकंद दिवसापासून सुटला.

सुटताना एक गाठ मात्र राहून गेली. हा आकडा ज्या खगोलीय सेकंदाशी जुळवला होता, तो सायमन न्यूकमच्या कोष्टकांतून आला होता आणि न्यूकमने आधार घेतलेले वेध १७५० ते १८९२ या काळातले होते. त्यामुळे आजचे अत्याधुनिक आण्विक घड्याळ ज्या सेकंदाने चालते, तो साधारण १८२० सालच्या दिवसाचा ८६,४०० वा भाग आहे. पेशवाई नुकतीच बुडाली होती त्या काळचा दिवस अणूच्या कंपनांत कायमचा गोठवला गेला. पृथ्वी पुढे मंदावत राहिली. १९७० च्या दशकात दिवस या मापाने अडीच-तीन मिलिसेकंद मोठा होता, म्हणून वर्षाकाठी एका सेकंदाची तूट पडे. लीप सेकंद येतो म्हणजे पृथ्वी दरवर्षी एका सेकंदाने मंद होते, असा जो समज सर्वत्र आढळतो तो चुकीचा आहे. सेकंद येतो तो जुन्या मापाने नवा दिवस मोजल्यामुळे.

१ जानेवारी १९७२ पासून तडजोड अमलात आली. घड्याळे अणूप्रमाणे चालावीत, परंतु पृथ्वीच्या वेळेपासून ती ०.९ सेकंदाहून दूर जाऊ नयेत. तसे होऊ लागले की जूनच्या किंवा डिसेंबरच्या अखेरीस एक सेकंद घालावा. पहिल्याच वर्षी दोन घालावे लागले, १९७९ पर्यंत नऊ. मग हा क्रम मंदावला. १९९९ ते २००४ ही वर्षे तर सेकंदावाचून गेली. आकाशापुढे घड्याळाने क्षणभर थांबावे, अशी ही व्यवस्था होती. एवढ्या यांत्रिक युगात एवढे आर्जव टिकले हेच विशेष.

यंत्रांनाच ते जड गेले. एकसष्टाव्या सेकंदाची कल्पना संगणकाच्या आज्ञावलींना नसते, आणि तो केव्हा येणार हे आधी लिहून ठेवता येत नाही. १ जुलै २०१२ रोजी अनेक संगणक-व्यवस्था या एका सेकंदापायी अडखळल्या. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांना विमानतळांवर खोळंबून राहावे लागले. गूगलने तर तो सेकंद दिवसभरात कणाकणाने पसरून टाकण्याची युक्ती काढली. अमेरिकेने सेकंद रद्द करण्याची बाजू घेतली. ब्रिटनने, ज्याच्या ग्रिनिचच्या नावाने जग वेळ सांगत आले होते, दीर्घकाळ विरोध केला. रशियाची उपग्रह-व्यवस्था लीप सेकंद धरून चालते, अमेरिकेची धरत नाही. तेव्हा या वादात केवळ तत्त्वे नव्हती. २०१२ आणि २०१५ मध्ये जिनिव्हात निर्णय पुढे ढकलला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायच्या परिषदेने ठराव केला की, घड्याळ आणि पृथ्वी यांतील अंतराची मर्यादा २०३५ पर्यंत किंवा त्याआधी वाढवावी. एक सेकंदाऐवजी किती, हे पुढच्या विचारासाठी सोडले.

सेकंद नको म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद भारतीयांना विशेष पटण्याजोगा आहे. नागरी वेळ सूर्याशी तशीही जुळत नाही. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईचे घड्याळ तिच्या स्वतःच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटे पुढे जाणार होते. शहराने कडाडून विरोध केला आणि मुंबईची वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिद्दीने जपली. आज ते अंतर कोणाला जाणवतही नाही. द्वारका आणि अरुणाचल यांच्या सूर्योदयांत सुमारे दोन तासांचा फरक असून दोन्हीकडे घड्याळ एकच आहे. मग एका सेकंदाचे काय एवढे? युक्तिवाद चतुर आहे, पण पुरता खरा नाही. मुंबईची ३९ मिनिटे ठरलेली आहेत. ती वाढत नाहीत. पृथ्वीची तूट साठत जाते, आणि बॅबिलोनच्या लेखाने दाखवले त्याप्रमाणे तिचे तास होतात. विरोधकांची भीतीही अतिरंजित आहे. सेकंद थांबला म्हणून पृथ्वीचे निरीक्षण थांबणार नाही. दूरस्थ क्वेसारांच्या वेधाने तिची गती पूर्वीपेक्षा कितीतरी बारकाईने मोजली जाते. बदलणार आहे ते दुसरेच. आजवर सामान्य माणसाच्या मनगटावरचे घड्याळ, त्याच्या नकळत का होईना, आकाशाला जबाबदार होते. आता ती जबाबदारी तज्ज्ञांच्या कोष्टकापुरती उरेल, आणि गणिताने आकाशाकडे वळायचे की नाही हा निर्णय सोयीवर जाईल. गणेश दैवज्ञाला ही मुभा मिळाली असती तर त्याने ती घेतली नसती.

पृथ्वीने मात्र या वादाला भलतेच वळण दिले आहे. २०२० पासून ती जलद फिरू लागली. ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला, आण्विक घड्याळे आल्यापासूनचा सर्वांत लहान. भरतीचे घर्षण थांबलेले नाही. पृथ्वीच्या पोटातील द्रवरूप गाभ्याची हालचाल तात्पुरती त्याच्यावर मात करीत आहे. हा वेग टिकला तर सेकंद घालण्याऐवजी एक वगळावा लागेल आणि जगाला एकोणसाठ सेकंदांचे मिनिट पाहावे लागेल. तशी तरतूद १९७२ पासून नियमांत आहे. ती एकदाही वापरली गेलेली नाही, आणि संगणकांचे व्यवस्थापक एकसष्टाव्या सेकंदाहून तिला अधिक भितात. २०२४ साली डंकन अॅग्न्यू या भूभौतिकशास्त्रज्ञाने यात आणखी एक कारण मोजून दाखवले. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे बर्फ वितळून त्याचे पाणी विषुववृत्ताकडे पसरत आहे. फुगडी घालणाऱ्या मुली हात आखडून जवळ आल्या की गरगर फिरतात आणि मागे झुकल्या की त्यांचा फेर मंदावतो. तसा या पाण्याने पृथ्वीचा फेर किंचित मंदावला आहे. अॅग्न्यू यांच्या हिशोबाप्रमाणे बर्फ वितळले नसते तर ऋण सेकंदाची गरज २०२६ मध्येच पडली असती. वितळल्यामुळे ती २०२९ च्या सुमारास गेली आहे.